विश्लेषण : ग्रहांचा फोटो एकाच रात्रीवर का सोडू नये?

‘आज रात्री गुरू पृथ्वीच्या सर्वांत जवळ’ असा मथळा आला, की नीरा नरसिंहपूरच्या संगमापासून पुण्यातल्या गच्च्यांपर्यंत मोबाइल आकाशाकडे वळतात. नेमके त्याच रात्री ढग आले, की उत्साह संपतो. खरे तर ग्रहांच्या बाबतीत ‘आज रात्री’ला फारसा अर्थ नाही.

प्रतियुती म्हणजे एकच रात्र?

ग्रह आणि सूर्य यांच्या मधोमध पृथ्वी येते, ती प्रतियुती. तिची तारीख एक असली, तरी गुरू आणि शनीचा दिसणारा आकार पुढे-मागे महिनाभर जवळपास तेवढाच राहतो. मंगळ मात्र लवकर लहान होतो.

फोटो कशाने बिघडतो?

गुरूचे बिंब चंद्राच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढे दिसते. ते मोठे करताना हवेची थरथरही मोठी होते. त्यामुळे पावसानंतरचे धुतल्यासारखे आकाश फसवे ठरू शकते. तारे जोरात लुकलुकत असतील, तर दुर्बिणीत गुरू पाण्याखालच्या नाण्यासारखा हलतो. उलट वारा पडलेली, किंचित धुरकट रात्र अनेकदा कामाची असते. शहरातल्या दिव्यांनीही ग्रहांचे फारसे बिघडत नाही.

काय करावे?

दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो. गच्चीपेक्षा शेतातली मोकळी जागा बरी. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी. ग्रह डोक्यावर येईपर्यंत थांबावे. एका फोटोऐवजी दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा आणि ‘ऑटोस्टॅकर्ट’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने हजारो फ्रेममधल्या निवडक स्थिर फ्रेम एकत्र कराव्यात. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून व्हिडिओ फार लांबवू नये. पुण्याच्या प्रथमेश जाजूने २०२१मध्ये, सोळाव्या वर्षी, सुमारे ५० हजार फोटो जोडून चंद्राचे गाजलेले चित्र केले, तेही अशाच पद्धतीने.

चिकाटीचे फळ काय?

१९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली हवा बिघडल्याने काम आवरायच्या विचारात होते. थोड्या विश्रांतीनंतर ते पुन्हा दुर्बिणीशी बसले आणि गुरूवर नवा काळा डाग दिसला. काहीतरी येऊन आदळल्याची ती खूण होती. त्या रात्रीचा मथळा आधी कोणीच दिला नव्हता.

आपल्याकडे संधी कधी?

१० फेब्रुवारी २०२७च्या सुमारास गुरू आणि १९ फेब्रुवारीच्या सुमारास मंगळ प्रतियुतीत येतील. नरसिंहपूर सुमारे १८ उत्तर अक्षांशावर असल्याने दोघेही मध्यरात्रीच्या आसपास जवळजवळ डोक्यावर असतील. त्यामुळे त्यांचा प्रकाश हवेच्या कमी थरांतून येईल. शिवाय पावसाळाही नसेल.

इंदापूर-बारामतीच्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी तेव्हा एका रात्रीचा सोहळा करू नये. पंधरवडा जाहीर करावा, रोज संध्याकाळी आकाश पाहून ठरवावे आणि कोणत्या रात्री हवा कशी होती, याची नोंद मुलांकडे सोपवावी. १९४४पासून काम करणारी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था मार्गदर्शनासाठी फार दूर नाही. महागडा कॅमेरा नसला तरी चालेल. एक रात्र हुकली म्हणून दुर्बीण खोक्यात गेली, तर मात्र एखाद्या मुलाचा छंदही तिच्यासोबत आत जातो.