आवडीचे भांडवल, सरकारची काटकसर

दरवर्षी ५ सप्टेंबर उजाडला की भाषणांना ऊत येतो. शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार आहे, अध्यापन ही नोकरी नसून व्रत आहे, मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद हेच खऱ्या शिक्षकाचे वेतन आहे, असे व्यासपीठावरून सांगितले जाते आणि शाल-श्रीफळ देऊन समारंभ आटोपतो. २०२४ साली नेमका हाच मुहूर्त साधून महाराष्ट्र शासनाने, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांतील दोन शिक्षकांपैकी एका जागी निवृत्त अथवा कंत्राटी शिक्षक मानधनावर नेमण्याचा निर्णय काढला. विरोध झाल्यावर त्याला मुरड घालावी लागली, ही गोष्ट वेगळी. भाषणात व्रताचे माहात्म्य आणि कागदावर मानधनाचा आदेश, यांत ज्यांना विसंगती दिसते त्यांना राज्यकर्त्यांचे अर्थशास्त्र उमगलेले नाही. या दोन्हींच्या मुळाशी एकच हिशेब आहे: ज्याला काम आवडते तो कमी पैशांतही ते करतो, मग जास्त कशाला द्यावे?

शिक्षकाची आवड खोटी आहे, असे मात्र कोणी समजू नये. जिल्हा परिषदेच्या कोणत्याही दोनशिक्षकी शाळेत ती पाहावयास मिळते. दुसरी-तिसरीतले पोर बेचाळीसातून सतरा वजा करते आणि पाटीवर पस्तीस लिहिते. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. त्याच्या परीने हिशेब चोख आहे. वाईट शिक्षक फुली मारून पुढे जातो. चांगला शिक्षक त्या पस्तिसामागचा विचार शोधतो, काड्यांचे गठ्ठे मुलापुढे ठेवतो आणि दोन सुट्या काड्यांतून सात काढून दाखव म्हणतो. मूल अडते, इकडेतिकडे पाहते, आणि मग आपल्याच हाताने एका गठ्ठ्याचा दोरा सोडते. दशक सुटा होतो. त्या क्षणी मुलाच्या मनात जे घडते त्याचा साक्षीदार जगात एकटा तो शिक्षक असतो. पगाराची तारीख, बदलीची यादी, गळके छप्पर यांचा त्याला तेवढ्यापुरता विसर पडतो. वर्षानुवर्षे माणसे या कामात का रमतात, याचे उत्तर तिथे आहे, व्यासपीठावर नाही. चुकीचा माग काढण्याची सवड आणि आपल्या समजुतीप्रमाणे शिकवण्याची मोकळीक, या दोन गोष्टींवर ती आवड जगते.

तेवढ्यात मोबाइल वाजतो. माहिती आजच, चार वाजेपर्यंत, विहित नमुन्यात हवी असते. पोषण आहाराची नोंद, आधारची जुळणी, यू-डायसचे रकाने, कार्यक्रमाची छायाचित्रे. शिवाय मतदार यादी आहेच. प्राथमिक शाळेला ना लिपिक ना शिपाई. काड्यांचा गठ्ठा तसाच सुटलेला राहतो. शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने २००९ सालीच दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे वगळता अन्य अशैक्षणिक कामांना मज्जाव केला आहे. त्यातून पळवाट अशी काढली जाते, की माहिती भरणे हेच शैक्षणिक काम ठरते!

या लुटीला दोन प्रकारचे तत्त्वज्ञान पुरवले जाते. पहिले त्यागाचे. साने गुरुजींचे नाव घेऊन तरुण शिक्षकाला निरपेक्ष सेवेचा उपदेश केला जातो. गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांची सेवा केली, ती कोणी त्यांच्यावर लादली म्हणून नव्हे. आणि १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली, तीही स्वतःच्या निर्णयाने. स्वखुशीचा त्याग थोर असतो. शासन निर्णयाने करवून घेतलेल्या त्यागाला वेठ म्हणतात. शिक्षण सेवक म्हणून लागलेल्या प्राथमिक शिक्षकाला २०२३ पर्यंत महिना सहा हजार रुपये मिळत आणि त्यावर त्याने तीन वर्षे काढायची असत. मग ते सोळा हजार झाले. ‘कायम विनाअनुदानित’ शाळांतील शिक्षकांची कथा याहून दारुण. २००९ साली ‘कायम’ हा शब्द गळाला, तरी अनुदानाच्या पहिल्या वीस टक्क्यांसाठी कित्येकांना आणखी अनेक वर्षे ताटकळावे लागले. तोवर सकाळी वर्ग आणि सायंकाळी दुसऱ्याच्या शेतात मजुरी. ‘सेवक’ हा शब्द योजणाऱ्याला भाषेची जाण होती, एवढे मान्य केले पाहिजे.

दुसरे तत्त्वज्ञान बाजाराचे. शिक्षकाला आवडबिवड काही नसते, मुलांच्या गुणांशी त्याचा पैसा जोडा म्हणजे तो धावेल, असे ते सांगते. हे नवे नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी १८६२ साली शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालाशी बांधले. शाळा तपासनीस असलेला कवी मॅथ्यू अर्नोल्ड त्याविरुद्ध झगडला, आणि पाठांतराचा कारखाना चालवून दमल्यावर त्या देशाने १८९० च्या दशकात ती पद्धत टाकली. दरम्यान हंटर आयोगाने तीच आपल्याकडे शिफारसली. त्याच आयोगापुढे १८८२ साली जोतीराव फुले यांनी सरळ मागणी केली, की प्राथमिक शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी असू नये. दोन्हींतील शहाणा कोण होता, हे आता सांगायला नको.

न्यूयॉर्कमधील बोनस योजनेचा अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी अभ्यास केला, तेव्हा मुलांच्या प्रगतीत वाढ आढळली नाही. आंध्र प्रदेशातील प्रयोगात मात्र गुण वाढले, आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु गुण वाढणे आणि पस्तिसामागचा विचार शोधणे यांत अंतर आहे. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानाच्या अभ्यासातून एक धोका दाखवला होता: जे माणूस आपुलकीने देतो त्याला दर लावला, की देण्याची वृत्तीच आटू शकते. म्हणून शिक्षकाला पैसा नको, असा अर्थ कोणी काढील तर ती लबाडी होय. पुरेसे आणि निश्चित वेतन त्याला निर्धास्त करते. गुणामागे रुपया त्याला पुन्हा चिंतेत टाकतो.

शिक्षकांतही कामचुकार आहेत. वर्ग सोडून सावकारी आणि जमिनीचे व्यवहार करणारे गावोगावी ठाऊक आहेत, आणि त्यांना पाठीशी घालण्याचे पाप संघटनांनी केले आहे. संघटनांचा खरा दोष मात्र आणखी खोल आहे. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये त्या संपात उतरल्या, ते योग्यच झाले. वर्गातला तास अखंड मिळावा म्हणून त्यांनी कधी असा संप केला काय? लेखी निषेध आणि बहिष्कार झाले. पण वाटाघाटीच्या मेजावर पगार आणि बदली यांच्या खाली ती मागणी नेहमी दबून राहिली. पालकांना पेन्शनचे कलम परके वाटते. आपल्या मुलाचा गठ्ठा अर्धवट सुटून राहतो, हे कळले तर ते शिक्षकाच्या शेजारी उभे राहतील. प्रत्येक केंद्राला पूर्णवेळ लिपिक, सत्ताविसाव्या कलमाची काटेकोर अंमलबजावणी, पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन: पुढील मागणीपत्रात ही तीन कलमे सर्वांत वर छापावीत, आणि ते मंत्रालयात नेण्याआधी गावच्या पालकसभेत वाचून दाखवावे.