लाल डबी कुणी दाबायची?

७ जून २०२१ रोजी पिरंगुटच्या एका रासायनिक कारखान्यात आग लागून १७ कामगार गेले. त्यांत बहुतेक बायका होत्या. त्यानंतर आम्ही वस्त्यांमधल्या कामगार बायकांबरोबर सुरक्षिततेवर बैठका घ्यायला सुरुवात केली. अशाच एका बैठकीत पॅकिंगचं काम करणाऱ्या पंधरा-वीस जणींना मी विचारलं, "तुमच्याकडे भिंतीवर लाल डबी आहे का? 'आग लागल्यास काच फोडा' लिहिलेली?" होती. सगळ्यांनी पाहिलेली होती. "मग आग दिसली तर कोण फोडणार?" एका सुरात उत्तर आलं, "सुपरवायझर." "तो जेवायला गेला असेल तर?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी कोपऱ्यातल्या मावशी म्हणाल्या, "ताई, काच फोडली आन् आग निघालीच नाही, तर काचेचे पैसे कुणाच्या पगारातनं कापतील?"

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. घरी येऊन त्या डबीबद्दल मिळेल ते वाचत बसले. (समाजकार्याच्या दोन वर्षांत 'सक्षमीकरणा'वर ढीगभर शिकवलं, डबीवर कुणी बोललं नव्हतं.)

डबीचं काम सोपं. काच फुटली की तिने दाबून धरलेलं बटण सुटतं आणि घंटा वाजते. अमेरिकेत काचेऐवजी बहुधा खाली ओढायची दांडी असते. नव्या बऱ्याच डब्यांमध्ये काच राहिलेलीच नाही. तिच्या जागी प्लास्टिकची पट्टी असते. अंगठ्याने दाबली की आत जाते, नंतर किल्लीने पुन्हा जागेवर येते. हात कापत नाही, काही फुटत नाही, आणि मावशींच्या पगाराला हात लावायला निमित्त उरत नाही. हा बदल मला मनापासून आवडला.

दुसराही एक आवडला. अमेरिकेतल्या अपंगांच्या चळवळीने १९९० साली कायदा मिळवला. त्याखालच्या नियमांप्रमाणे ही दांडी एका हाताने चालली पाहिजे, मूठ आवळावी किंवा मनगट पिळावं लागता कामा नये, आणि पाच पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण सव्वादोन किलोंपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. तिथे डबीची उंचीही जमिनीपासून साडेतीन ते चार फूट ठरलेली आहे. ज्यांनी भांडून मागितलं, त्यांच्या हाताचं माप डबीत उतरलं. आमच्या बैठकीतल्या बायकांच्या हाताचं माप कुणी घेतलेलं नाही.

बाकीचा बराचसा खटाटोप मात्र डबी सहज दाबली जाऊ नये म्हणून चाललेला दिसतो. काही डब्यांना दोन हालचाली लागतात: आधी आत ढकला, मग खाली ओढा. काहींवर पारदर्शक झाकण असतं, आणि ते उचललं की झाकणच किंचाळतं, म्हणजे खोडकर पोरगं जागीच सापडावं. ब्रिटनच्या मानकाने तर २०१७ पासून अशा सगळ्याच डब्यांवर संरक्षक झाकण असावं अशी शिफारस केली. कारण खोटं नाही. शाळेत मुलं खोड्या काढतात, गोदामात ट्रॉलीचा धक्का लागतो, आणि दर आठवड्याला उगाच घंटा वाजायला लागली की खरी वाजल्यावर कुणी उठत नाही. तरी मला ते किंचाळणारं झाकण खटकतं. जिला लहानपणापासून 'आवाज करू नकोस' शिकवलंय, तिच्यावर घंटा वाजायच्या आधीच सगळ्या शेडचे डोळे वळणार. शिवाय आता बऱ्याच ठिकाणी डबीला स्वतःचा क्रमांक असतो आणि कुठली दाबली ते ऑफिसातल्या फलकावर उमटतं. आग कुठे आहे ते त्यामुळे कळतं. लाइनवरच्या कुणी दाबली हेही कळतं.

आणि बायकांच्या कारखान्यांमध्ये जी माणसं मेली, ती घंटा उगाच वाजल्याने मेलेली नाहीत. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी १४६ कामगार मेले, बहुतेक स्थलांतरित घरांतल्या तरुण मुली. आठव्या मजल्यावर आग लागली. तिथून फोन गेला तो दहाव्या मजल्यावर, जिथे मालक बसत. मधल्या नवव्या मजल्यावरच्या मुलींना कुणी कळवलंच नाही, आणि त्यांचं एक दार कुलपात होतं. थायलंडच्या केडर खेळणी कारखान्यात १० मे १९९३ रोजी १८८ जण मेले, त्याही बहुतांशी तरुण बायका. घंटा वाजली नाही, आग किरकोळ आहे, काम चालू ठेवा, असं सांगितलं गेलं. आणि ढाक्याजवळच्या ताझरीन कारखान्यात २४ नोव्हेंबर २०१२ रोजी घंटा वाजली होती! बायका उठल्याही होत्या. मॅनेजरांनी त्यांना परत मशिनवर बसवलं. शंभराहून अधिक जीव गेले.

ताझरीनमध्ये अगदी नव्यातली नवी डबी असती तरी काय फरक पडला असता? म्हणून मला वाटतं, डबीची रचना आपण तपासावी, पण त्याबरोबर एक गोष्ट लेखी मागावी: डबी दाबायला कुणाला विचारावं लागणार नाही, आणि घंटा वाजल्यावर उठलेल्या बाईला कुणी खाली बसवणार नाही. आपल्या कायद्यात हे असं लिहिलेलं नाही. भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली, धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांतल्या कामगारांना धोका दिसल्यास मालक-मॅनेजरला आणि इन्स्पेक्टरला कळवायचा हक्क मिळाला. २०२० च्या नव्या संहितेतही भाषा कळवण्याचीच आहे. बांगलादेशात राणा प्लाझा कोसळल्यावर २०१३ साली युनियन आणि परदेशी ब्रँड यांच्यात जो करार झाला, त्यात असुरक्षित इमारतीत जायला किंवा थांबायला नकार देण्याचा हक्क मान्य झाला. तो करार आपण मागणीपत्रं लिहिताना समोर ठेवायला हवा. कंत्राटी बायकांचं नावही मस्टरवर धड नसतं, तिथे हे बोलणं लांबचं वाटेल. मला स्वतःलाही वाटतं.

पुढच्या बैठकीला मी एका इलेक्ट्रिशियनकडून काचेच्या जागी पट्टी असलेली जुनी डबी मागून नेली. तारा नसलेली, नुसती हाताळायला. एकेकीने दाबून पाहिली, किल्लीने पुन्हा बसवली. दोघी-तिघींनी पदराने पुसून पुढे दिली. मावशींनी दोनदा दाबली. मग म्हणाल्या, "एवढंच आहे व्हय? मग मॉक ड्रिलला नेहमी तोच का दाबतो?"

त्यांच्या कारखान्याला आम्ही पत्र दिलंय. पुढच्या ड्रिलला डबी लाइनवरच्या बाईने दाबावी आणि 'कुणीही दाबावी, पगार कापला जाणार नाही' हे डबीच्या वर मराठीत आणि हिंदीत लिहावं, एवढंच मागितलंय. 'ठेकेदाराशी बोला,' असा निरोप आलाय. ठेकेदार फोन उचलत नाही.