हुंडाविरोधी ठराव आणि घरचे लग्न

‘माणूस पाहू नका, विचार पाहा’ हे वाक्य आपल्या शिबिरांतून अलीकडे फार ऐकू येते. हुंडाविरोधी ठराव मांडणाऱ्याच्या घरचे लग्न मंगल कार्यालयात थाटात झाले आणि कोणी त्याबद्दल विचारले, की ते ढालीसारखे पुढे केले जाते. तर्काच्या दृष्टीने ते बिनचूक आहे. दोन आणि दोन चार, हे लबाडाने सांगितले म्हणून पाच होत नाहीत.

पण आपण लोकांना बेरीज शिकवावयास जात नाही. त्यांच्याकडे किंमत मागतो. कर्ज काढून लग्न करू नका, असे वाळव्याच्या किंवा कोरेगावच्या शेतकऱ्याला सांगणे म्हणजे भावकीची कुजबुज, पाहुण्यांचा रुसवा आणि कदाचित मोडलेली सोयरीक त्याने पदरात घ्यावी, असे सांगणे होय. खर्चाचा हिशेब त्याला आपल्याहून चांगला कळतो. त्याला हवी असते ती खात्री, की ही किंमत देऊनही गावात ताठ मानेने राहता येते. ती सांगणाऱ्याच्या घरात दिसली तरच पटते.

प्रतिसरकारच्या काळात, १९४३ नंतर, या भागात गांधी विवाह रुजले ते क्रांतिसिंह नाना पाटलांच्या वक्तृत्वामुळे, हे अर्धसत्य आहे. बोलणारा माणूस १९३० च्या कायदेभंगात तलाठ्याची नोकरी सोडून आलेला होता. आणि तलाठ्याची नोकरी म्हणजे काय, हे खेड्यात समजावून द्यावे लागत नसे. जी. डी. बापू लाड यांनी १९४५ साली, तेव्हा औंध संस्थानात असलेल्या कुंडलला, स्वतःचे लग्न त्याच पद्धतीने केले.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने, अखेर मंगळसूत्रही गेले. एका पंगतीला नाके मुरडणाऱ्यांनाही मग ‘यात यांचा स्वार्थ आहे’ म्हणण्याची सोय उरली नाही. (चळवळींची किंमत बहुधा घरच्या स्त्रीनेच मोजली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

कार्यकर्त्याने दारिद्र्याचे प्रदर्शन मांडावे, असे मी म्हणत नाही. खादीखाली काय काय झाकले जाते, हे आपण पाहिले आहे. मागणी लहान आहे: जे दुसऱ्याकडे मागतो, ते आधी स्वतः दिलेले असावे. घरचे ऐकत नसतील, तर निदान तेवढा विषय दुसऱ्याला बोलू द्यावा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे; ठरावांचीही वाण नाही. पुढच्या शिबिरासाठी वक्ता ठरविताना त्याचे पद विचारण्यापूर्वी त्याच्या घरच्या शेवटच्या लग्नाची चौकशी जिल्हा समितीने करावी.