गाडीची किंमत उतरते, तिची बिलं उतरत नाहीत



गेल्या व्हिडिओत आपण खेळतं भांडवल आणि नफा यांतला फरक पाहिला. तो बघून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका तरुणाचा फोन आला. वय तीस. जॉबवर्कचं युनिट, तीन मशीन, सहा कामगार, वर्षाची उलाढाल सव्वा कोटीच्या आसपास. मला वाटलं, चौथ्या मशीनबद्दल विचारतोय.

तो म्हणाला, "सर, एक गाडी बघितलीय. ऑक्टेव्हिया आरएस. २०१८ चं रजिस्ट्रेशन आहे, एक लाख अठरा हजार चाललीय. मालक चौदा लाख म्हणतोय. रनिंग जास्त आहे, घेऊ का नको?"

हाच प्रश्न वेगवेगळ्या गाड्यांची नावं घेऊन तुमच्यापैकी अनेक जण विचारता. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: जास्त चाललेली दमदार गाडी घेणं चूक नाही. ती धंद्याच्या पैशातून घेणं चूक आहे.

आधी गाडीबद्दल

ऑक्टेव्हिया आरएस आपल्याकडे २०१७ मध्ये आली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, शोरूम किंमत साधारण २५ लाख. दिसायला घरगुती सेडान, पण पाय दाबला की कळतं काय आहे ते. गाडीची आवड असलेल्या माणसाला ती का हवीशी वाटते हे मला नीट समजतं. त्यात काही गैर नाही.

आता त्याच्या प्रश्नातला 'रनिंग जास्त' हा भाग. एक लाख अठरा हजार हा आकडा ऐकून लोक घाबरतात. मला विचाराल तर तो आकडा एकटा काहीच सांगत नाही. पुणे–कोल्हापूर हायवेवर एका लयीत चाललेली, प्रत्येक सर्व्हिस वेळेवर झालेली सव्वा लाखाची गाडी चांगली असू शकते. आणि शहरात थंड इंजिनवर पिळलेली, ताकद वाढवायला 'रिमॅप' करून परत मूळ स्थितीत आणलेली पन्नास हजारांची गाडी आतून संपलेली असू शकते.

मग रनिंग कशासाठी बघायचं? तर कुठली बिलं जवळ आलीत हे कळण्यासाठी. लाख-सव्वा लाखाच्या आसपास बरीच कामं एकदम उभी राहतात. सस्पेन्शनचे बुश आणि शॉकअप, इंजिन माउंटिंग, वॉटर पंप, ब्रेक डिस्क, चारही टायर. या गाडीत ओल्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. त्याचं तेल साधारण ६० हजार किलोमीटरला बदलावं लागतं, म्हणजे आतापर्यंत एकदा बदललेलं असलंच पाहिजे आणि दुसरी वेळ तोंडावर आलीय. टर्बो आणि क्लच यांचं आयुष्य आधीच्या मालकाच्या उजव्या पायावर अवलंबून.

आता विकणाऱ्याच्या जागी बसून बघा. सर्व्हिस सेंटरवाल्याने त्याला येणाऱ्या कामांची यादी दिली असेल, तर तो काय करेल? बरेच जण तेव्हाच गाडी विकायला काढतात. प्रत्येक जण फसवतो असं मी म्हणत नाही. पण 'ही गाडी आत्ताच का विकताय?' हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे. धंद्यात कोणी चालू मशीन विकायला आला तर विचारता ना? मग इथे का लाजता?

पंचवीस लाखांची गाडी चौदा लाखांत मिळत नाही

हे वाक्य लिहून ठेवा. पंचवीस लाखांची गाडी चौदा लाखांना विकली गेली, म्हणजे तिची बाजारातली किंमत उतरली. तिचे पार्ट, तिचं तेल, तिचे टायर आणि ते काम जाणणाऱ्या मेकॅनिकची मजुरी उतरत नाही. ती पंचवीस लाखांच्या गाडीचीच राहते, उलट दरवर्षी वाढते. तुम्ही खरेदी चौदा लाखांच्या गाडीची करता आणि सांभाळता पंचवीस लाखांची गाडी.

मी त्याच्याबरोबर फोनवरच हिशोब मांडला. पाच लाख तो युनिटच्या करंट अकाउंटमधून देणार होता. नऊ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी. जुन्या गाडीच्या कर्जाला नव्या गाडीपेक्षा व्याज जास्त लागतं, म्हणून आम्ही १३ टक्के धरले.

- हप्ता: सुमारे २०,५०० रुपये
- पेट्रोल: महिना ८०० किलोमीटर, ॲव्हरेज ९ चं, म्हणजे सुमारे ९,३०० रुपये
- विमा: वर्षाला ४० हजार धरले, म्हणजे महिना ३,३०० रुपये
- दुरुस्तीसाठी बाजूला: महिना १०,००० रुपये

बेरीज महिना ४३ हजारांच्या पुढे. पाच वर्षांचे जवळपास २६ लाख, वर आधी दिलेले पाच लाख. म्हणजे 'चौदा लाखांची' गाडी एकतीस लाखांच्या घरात गेली. शेवटी विकून जे येईल ते वजा करा, पण ते किती येईल हे आज कोणी सांगू शकत नाही.

मी विचारलं, "तू महिन्याला घरी किती नेतोस?"

"पंचेचाळीस हजार, सर."

थोडा वेळ दोघंही गप्प. त्याचं सगळं घर जेवढ्यात चालतं, तेवढ्यात ती गाडी चालणार होती.

आणि ते पाच लाख कोणाचे होते?

मला खरी काळजी हप्त्याची नव्हती, त्या पाच लाखांची होती. त्याच्या युनिटचा पगार, वीजबिल, शेडचं भाडं आणि मशीनचे हप्ते मिळून महिन्याला अडीच लाखांच्या आसपास जातात. म्हणजे पाच लाख हे त्याचे दोन महिने आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, पण त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे ८०-९० दिवसांनी येतात. ते पाच लाख खात्यावर आहेत म्हणून तो शांत झोपतो. खात्यावर दिसतात म्हणून ते त्याचे होत नाहीत. त्यातले काही पुढच्या महिन्याच्या पगाराचे आहेत, काही मटेरियलवाल्याचे, काही जीएसटीचे.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. २०१३ साली मी स्वतः एक जुनी जर्मन सेडान घेतली होती. ट्रेनिंगचं काम नुकतं जोरात आलं होतं, चार जणांचं ऑफिस होतं, आणि 'सर' म्हणवून घेताना गाडी तशी हवी असं वाटलं. पैसे ऑफिसच्या खात्यातून दिले. सप्टेंबरमध्ये गिअरबॉक्स गेला. बिल दोन लाख दहा हजार. गाडी गॅरेजमध्ये अडकलेली, कर्ज चालू, म्हणून बिल भरलं. त्या दिवाळीला चौघांचा बोनस दिवाळीनंतर देतो म्हणालो आणि जानेवारीत दिला. कोणी काही बोललं नाही. त्यातला सगळ्यात चांगला मुलगा मार्चमध्ये सोडून गेला. कारण विचारलं तर म्हणाला, "काही नाही सर, जरा घराजवळ काम मिळालं." माझी गाडी तेव्हा दारातच उभी होती, आणि आम्ही दोघं तिच्याशेजारून चालत गेटपर्यंत गेलो.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. हौस आपल्या पगारातून करायची, धंद्याच्या तिजोरीतून नाही.

तुमची नेहमीची तीन उत्तरं

पहिलं: "सर, क्लायंटवर इम्प्रेशन पडतं." जॉबवर्क देणारा परचेस मॅनेजर तुमचं रिजेक्शन बघतो, माल वेळेवर आला का ते बघतो. गेटवर दणदणीत गाडी दिसली तर त्याच्या मनात पुढच्या मीटिंगला रेट कमी करून घ्यायचा विचार येण्याची शक्यता जास्त. प्रॉपर्टी किंवा लग्नाच्या इव्हेंटच्या धंद्यात गाडीचा थोडा उपयोग होतो, हे मान्य. पण तिथेही स्वच्छ, वेळेवर पोचणारी गाडी पुरते.

दुसरं: "टॅक्स वाचतो." नीट ऐका. तुमच्यापैकी बरेच जण ४४एडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरता. त्यात उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा धरला जातो आणि घसारा त्यातच आला असं मानतात. गाडीचा वेगळा घसारा मिळत नाही. जे पूर्ण हिशोब ठेवतात त्यांना कारवर साधारण १५ टक्के घसारा मिळतो, तोही धंद्यासाठी वापर असेल तेवढाच. जीएसटीचं म्हणाल, तर स्वतःच्या वापराच्या कारवर, तिच्या दुरुस्तीवर आणि विम्यावर सर्वसाधारणपणे इनपुट क्रेडिट मिळत नाही. आणि टॅक्स वाचवायला शंभर रुपये खर्च करून तीस वाचवणं याला बचत म्हणत नाहीत. घेण्याआधी आपल्या सीएला एक फोन करा.

तिसरं: "आयुष्यात कधीतरी हौस करायची की नाही?" करायची. नक्की करायची. याच उत्तराला मी मान देतो, कारण ते प्रामाणिक आहे. फक्त मग तिला 'बिझनेस इन्व्हेस्टमेंट' म्हणू नका.

घ्यायचीच असेल तर

माझ्या मते चार गोष्टी जमल्या तर घ्या. गाडीचा सगळा मासिक खर्च तुमच्या घरी नेण्याच्या रकमेच्या पाव हिश्श्यात बसतो. धंद्याच्या खात्यावर किमान तीन महिन्यांचा खर्च शिल्लक राहतो. कामासाठी दुसरं वाहन आहे, म्हणजे ही गॅरेजमध्ये पडली तर डिलिव्हरी थांबत नाही. आणि गाडीच्या किमतीच्या वीस टक्के रक्कम दुरुस्तीसाठी वेगळ्या एफडीत आहे. चौदा लाखांच्या गाडीला दोन लाख ऐंशी हजार.

मग गाडी तपासा:

- अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण हिस्टरी काढा. मीटर मागे फिरवलं असेल तर किलोमीटरचे आकडे तिथे उघडे पडतात. गिअरबॉक्स ऑइल बदलल्याची नोंद शोधा.
- विकणाऱ्याच्या नव्हे, तुमच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या. पाच-सात हजार जातील, जाऊ द्या. इंजिन थंड असताना स्टार्ट करून बघा. गरम करून ठेवलेली गाडी बरंच लपवते.
- टायरवरचे चार आकडे वाचा. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुना टायर बदलावाच लागतो.
- आरसीवर बँकेचा बोजा आणि थकलेली चलनं परिवहनच्या ॲपवर तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
- दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते. इथे कायम वापरायची तर महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तो धरून किंमत काढा.
- इंजिनात बदल केलेत का ते स्पष्ट विचारा. विमा कंपनीला न कळवलेले बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतात.
- २०१८ ची गाडी आजच्या ई२० पेट्रोलसाठी बनलेली नाही. इंधनाच्या पाइपांची रबरं तपासून घ्या.

यातल्या एकाही गोष्टीला विकणारा 'त्याची काय गरज आहे' म्हणाला, तर नमस्कार करून निघा. गाड्या खूप आहेत.

त्या कोल्हापूरच्या मुलाने अजून काही ठरवलेलं नाही. परवा त्याचा मेसेज आला की गाडी अजून विकली गेली नाहीये आणि मालक साडेबारापर्यंत आलाय. मी एवढंच लिहिलं, "किंमत उतरली. बिलं उतरली का ते विचार."

तुम्हीही कुठल्या गाडीच्या फोटोवर रोज रात्री नजर टाकत असाल, तर आज एक काम करा. वहीत तीन आकडे लिहा: तुम्ही महिन्याला घरी किती नेता, धंदा महिन्याला किती खातो, आणि गाडी महिन्याला किती खाईल. तिन्ही एकाखाली एक लिहा. फोटो त्यानंतर उघडा.