‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांची किंमत

लोअर परळ स्थानकाबाहेर उभे राहून मान वर केली की आज दिसतात ते काचेचे मनोरे. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आहे, श्रीनिवास मिलच्या जागी ‘वर्ल्ड वन’ हा गगनचुंबी मनोरा आहे. जेथे एके काळी तीन पाळ्यांचे भोंगे वाजत, तेथे आता खाजगी तरणतलाव आणि मोटारींसाठी बहुमजली तळ आहेत. जवळच ना. म. जोशी मार्गावरच्या बी. डी. डी. चाळींत एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांमधून कामगारांच्या तीन-तीन पिढ्या नांदल्या. हे दृश्य पाहून संताप येणे स्वाभाविक आहे. पण संताप हे धोरण नव्हे. आलिशान इमारतींना विरोध करावा की नाही, या चर्चेत पुरोगामी मंडळी वर्षानुवर्षे अडकून पडली आहेत. वस्तुतः मनोरा किती उंच हा प्रश्न गौण आहे. तो ज्या जमिनीवर उभा आहे तिच्यात कोणाचा वाटा होता आणि तो कोणत्या मार्गाने नाहीसा झाला, हा प्रश्न मुख्य आहे.

त्याचे उत्तर गिरणगावाच्या अलीकडच्या इतिहासातच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपानंतर गिरण्या एकामागून एक आचके देऊ लागल्या आणि शहराच्या मध्यभागी अठ्ठावन्न गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन विकासकांच्या डोळ्यांत भरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिच्यासाठी एक न्याय्य सूत्र घालून दिले. गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करावयाचा तर स्थूलमानाने एक-तृतीयांश जमीन महापालिकेला उद्याने व सार्वजनिक सोयींसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. मालकाच्या मालकीला त्यात धक्का नव्हता. मात्र त्या जमिनीला आलेले सोन्याचे मोल एकट्या मालकाने निर्माण केलेले नाही, रेल्वे, रस्ते, पाणी आणि लाखो माणसांचे श्रम यांनी ते निर्माण केले आहे, ही साधी गोष्ट त्या सूत्राने मान्य केली होती.

मार्च २००१ मध्ये हा नियम बदलण्यात आला. तो रद्द झाला नाही. रद्द झाला असता तर निदान गदारोळ तरी उठला असता. तीन वाटे कागदावर तसेच राहिले. बदल एवढाच झाला की, वाटणी संपूर्ण आवाराची न होता केवळ ‘मोकळ्या जमिनी’ची व्हावी. गिरणीचे आवार म्हणजे मुख्यतः कारखान्याच्या इमारती आणि गोदामे. त्या पाडल्यावर मोकळी होणारी जमीन हिशेबात धरायची नाही असे ठरताच वाटून घेण्यासाठी उरले ते इमारतींभोवतीचे अंगण. मुंबई पर्यावरण कृती गटाने या बदलाला न्यायालयात आव्हान दिले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूने कौल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बदललेला नियम वैध ठरला. वैध ते सर्व न्याय्य असतेच असे नाही.

या काळात खुद्द शासनसंस्था काय करीत होती? राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातील गिरण्या या जनतेच्या मालकीच्या गिरण्या होत्या. त्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा करण्यासाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ मध्ये एक अभ्यासगट नेमण्यात आला होता. तुकड्यातुकड्यांनी विक्री न करता सर्व जमिनींचा एकत्र विचार करावा, हा त्याचा गाभा होता. २००५ मध्ये महामंडळाने ज्युपिटर, एल्फिन्स्टन, अपोलो, मुंबई टेक्स्टाईल आणि कोहिनूर क्रमांक ३ या पाच गिरण्यांच्या जमिनी सर्वाधिक बोली लावणाऱ्यांना विकल्या आणि दोन हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम मिळवली. जमिनीसाठी शेकडो कोटी मोजणारा विकासक तेथे शिपायाला किंवा परिचारिकेला परवडेल असे घर कसे बांधणार? आलिशान सदनिकांचा दोष केवळ विकासकाच्या लोभावर ढकलणे म्हणूनच अपुरे आहे. ती किंमत लिलावाच्या दिवशीच ठरली आणि तो लिलाव सार्वजनिक संस्थेने केला.

येथे बाजारपेठेचे पुरस्कर्ते एक युक्तिवाद करतात आणि त्याची टर उडवून भागणार नाही. ते म्हणतात, घरे महाग आहेत कारण ती कमी आहेत. श्रीमंतांसाठी का होईना, बांधू द्या. श्रीमंत नव्या घरात गेला की त्याचे जुने घर मध्यमवर्गीयाला मिळेल, त्याचे त्याच्या खालच्याला, आणि अशा रीतीने पाणी झिरपत झिरपत तळापर्यंत पोहोचेल. घरांचा तुटवडा खरा आहे आणि बांधकाम वाढले पाहिजे, हेही खरे आहे. परंतु पाणी झिरपायला मधल्या टाक्यांना भोके असावी लागतात. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची सुमारे बेचाळीस टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती आणि त्याच शहरात सुमारे पावणेपाच लाख घरे रिकामी होती. ती सारी आलिशान नव्हती, भाडेकरू हटणार नाही या भीतीनेही अनेक कुलूपबंद असतील. पण जेथे घर हे राहण्याचे ठिकाण नसून तिजोरी बनते, तेथे वरचा माणूस नवे घर घेताना जुने सोडत नाही. तो दोन्हींना कुलूप लावतो आणि भाव चढण्याची वाट पाहतो. झिरपण्याचा सिद्धांत येथेच कोरडा पडतो.

कामगारांच्या पदरात काय पडले? २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरे होती, मार्च २०२० च्या सोडतीत ३,८९४. मधली सोडत धरूनही, सुमारे दीड लाख अर्जांच्या तुलनेत हा हिस्सा साधारण दहावा भरतो. उरलेल्यांना दाखवण्यात आले ते बदलापूरच्याही पुढचे वांगणी आणि शेलू. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या वृद्ध कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी, घर मुंबईतच हवे, असा आग्रह धरला, तेव्हा काहींनी त्याला हट्ट म्हटले. मुंबईत धुणी-भांडी, सुरक्षा रक्षकाची नोकरी किंवा डबे पोचवण्याचे काम करणाऱ्या कुटुंबाला वांगणीत घर देणे म्हणजे त्याच्या आयुष्यातील रोजचे चार तास लोकलच्या दारात लटकवणे. शहराला त्याचे श्रम हवे आहेत, शेजार मात्र नको आहे. याला हट्ट म्हणायचेच असेल, तर तो कोणाचा हट्ट?

डाव्या आणि समाजवादी चळवळीनेही या हिशेबात स्वतःची बाजू तपासली पाहिजे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण दिले, ते आवश्यकच होते. पण गोठवलेल्या भाड्यांमुळे भाड्याची घरे बांधणे थांबले आणि चाळींची दुरुस्ती रखडली, तेव्हा त्या जागी सार्वजनिक भाड्याची घरे उभारण्याचा आग्रह चळवळीने पुरेशा जोराने धरला नाही. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याचे स्वागत झाले. पण त्यातील विसाव्या कलमाखाली सवलतींची खैरात होत असताना प्रत्येक सवलतीवर पहारा ठेवला गेला नाही. परिणामी, कायदा निष्प्रभ ठरल्याचे सांगत २००७ मध्ये महाराष्ट्राने तो मोडीत काढला, तेव्हा त्याच्या बाजूने रस्त्यावर उतरणारे थोडेच उरले होते.

तरीही तो कायदा निव्वळ निष्प्रभ होता असे म्हणता येत नाही. जेथे लोक त्याच्यामागे उभे राहिले, तेथे त्याने फळ दिले. मृणालताई गोरे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे याच कायद्याच्या आधाराने सरकारदरबारी आणि न्यायालयात दीर्घकाळ झुंज दिली. गोरेगावच्या दिंडोशी भागात सुमारे सहा हजार घरांची वसाहत त्यातून उभी राहिली. तेथे सिमेंट-लोखंड काही स्वस्त मिळाले नव्हते, मिळाली ती जमीन. मुंबईतल्या घराच्या किमतीतून जमिनीची सट्टेबाजी वजा केली की कष्टकऱ्याच्या आवाक्यातले घर शक्य होते, याचा तो विटामातीतला पुरावा आहे.

मागणी त्यामुळे सुटसुटीत आहे. सार्वजनिक मालकीची जमीन विकली जाऊ नये. ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने, सहकारी संस्थांना आणि सार्वजनिक भाड्याच्या घरांसाठीच दिली जावी. रिकाम्या ठेवलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या घरावर जरब बसेल असा कर लावावा. पुनर्विकासात सार्वजनिक वाटा आवाराच्या संपूर्ण क्षेत्रफळावर मोजावा आणि तो त्याच प्रभागात द्यावा.

आणि लढाई संपलेली नाही. पूर्व किनाऱ्यावरील बंदराची जमीन, महामंडळाकडच्या उरलेल्या गिरण्या, बेस्टचे डेपो यांच्याकडे आता नजरा वळल्या आहेत. गिरणगावाचा धडा असा की, जमीन जाते ती बुलडोझर येण्याच्या कितीतरी आधी, राजपत्रातल्या एखाद्या ओळीत. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या ३७ व्या कलमानुसार विकास योजनेतील फेरबदलापूर्वी जाहीर सूचना काढावी लागते आणि नागरिकांना हरकती घेण्यासाठी एक महिन्याची मुदत असते. त्या महिन्यात प्रत्येक शाखेने सूचना वाचून तिचा अर्थ वस्तीवस्तीत सांगितला आणि हजारोंच्या सह्यांनी हरकती दाखल केल्या, तर पुढच्या मोर्चाला आधार मिळेल. तो महिना झोपेत गेला, तर नंतरच्या दहा मोर्चांनाही मनोऱ्याच्या फाटकाबाहेरच उभे राहावे लागेल. दोन शब्दांनी गिरणगावाचा वाटा गेला. यापुढे असे दोन शब्द छापले जातील, त्याच दिवशी ते वाचणारे डोळे या शहरात असले पाहिजेत.