नाव ऐकून भाषा ठरवू नका

१ मार्च २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही करून इंग्रजीला त्या देशाची अधिकृत भाषा ठरवले. बातमी आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिली आणि अंगठ्याने वर सरकवली. मीही तेच केले. पुढे तो आदेश नीट वाचला, तेव्हा त्याच सहीने झालेले दुसरे काम लक्षात आले. बिल क्लिंटन यांनी ऑगस्ट २००० मध्ये काढलेला १३१६६ क्रमांकाचा आदेश रद्द झाला होता. इंग्रजी नीट न येणाऱ्या माणसालाही सरकारी सेवा समजेल अशा रीतीने मिळावी, त्यासाठी प्रत्येक खात्याने आराखडा करावा आणि सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना, शाळांना, न्यायालयांना तसे मार्गदर्शन करावे, असे तो जुना आदेश सांगत होता. नव्या आदेशात दुभाषे काढून टाका असे म्हटलेले नाही. ठेवायचे की नाही हे खातेप्रमुखांनी ठरवावे, असे म्हटले आहे.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांचे आपल्याला काय? मला हा विषय घ्यावासा वाटला तो नानीमुळे.

नानी विजापूरकडची. घरात दखनी बोलायची, त्यात कानडी मिसळलेली. मराठी तिला कळायची थोडी, बोलता यायची नाही. मी मराठी शाळेत पाचवीत होतो, म्हणून दवाखान्यात तिच्यासोबत मला पाठवले. डॉक्टर मराठीत विचारायचे, मी नानीला सांगायचो, नानी मला सांगायची. त्यांनी विचारले, "आजींना आणखी काही त्रास होतो का?" नानी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पेट दुखरा बोल, बस." मी तेवढेच बोललो. पोटदुखीच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. तिला महिनोन् महिने रक्तस्राव होत होता, हे अम्मीला फार उशिरा कळले. दहा वर्षांच्या नातवाच्या तोंडून ते डॉक्टरांना सांगणे तिला शक्य नव्हते. डॉक्टर वाईट नव्हते. पोरगा सोबत आहे म्हणजे काम भागले, असे त्यांना वाटले, आम्हालाही तसेच वाटले.

अमेरिकेतल्या लाखो घरांत हेच चालत आले आहे. आई मेक्सिकोतून किंवा एल साल्वादोरमधून आलेली, मुलगी तिथल्या शाळेत शिकणारी, आणि बँक, भाडेकरार, दवाखाना, सगळीकडे मुलगीच आईची जीभ. फरक एवढाच की तिथे या गोष्टीला चूक म्हणणारा नियम झाला. २०१० च्या आरोग्य कायद्याचे १५५७ वे कलम भेदभावाला मनाई करते. त्याखाली २०१६ मध्ये आलेल्या नियमांनी, जीवावरचा तातडीचा प्रसंग सोडला तर, लहान मुलांना दुभाषे म्हणून वापरायला दवाखान्यांना बंदी केली. तो नियम पहिल्यांदा वाचताना मला नानीचा चेहरा आठवला.

चुकीच्या एका शब्दाने काय होते याचे उदाहरण तिथल्या दुभाष्यांच्या प्रशिक्षणात हमखास सांगतात. १९८० साली फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत इस्पितळात आणले. घरचे क्युबाचे. त्यांनी 'इंतोक्सिकादो' हा शब्द वापरला. क्युबाच्या स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले. डॉक्टरांनी तो इंग्रजी 'इंटॉक्सिकेटेड' समजून घेतला आणि अमली पदार्थाच्या अतिसेवनाचे उपचार सुरू केले. मेंदूत रक्तस्राव होत होता, तो दोन दिवसांहून अधिक काळ कोणाच्या लक्षात आला नाही. तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे खटल्यात झालेल्या तडजोडीची रक्कम सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर होती. दुभाष्याचा खर्च परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

हे हक्क तिथे कोणी दान दिलेले नाहीत. वंश, रंग किंवा मूळ देश यावरून सरकारी पैशावर चालणाऱ्या कामात भेदभाव करता येणार नाही, असे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण सांगते. तो कायदा काळ्या अमेरिकनांच्या लढ्यातून आला. त्याच्या आधाराने सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या पालकांनी दावा लावला, आणि १९७४ मध्ये 'लाउ विरुद्ध निकोल्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुलाला शिक्षकाची भाषाच कळत नसेल तर सगळ्यांना तेच पुस्तक आणि तोच वर्ग देणे ही समानता होत नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना या निकालाचा मोठा आधार मिळाला. म्हणजे काळ्यांच्या लढ्याचा कायदा, चिन्यांचा खटला आणि लाभ मेक्सिकन मुलांना. ट्रम्प यांच्या आदेशाने हा कायदा पुसलेला नाही. संसदेचा कायदा एका सहीने जात नाही. पण तो अमलात आणणाऱ्यांवरचा दट्ट्या सैल झाला आहे.

आपल्या आणि त्यांच्या गोष्टीत मला सर्वांत जवळचे वाटते ते मात्र वेगळेच काही.

'हिस्पॅनिक' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर सीमा ओलांडून आलेला, स्पॅनिश बोलणारा माणूस येतो. २०२० च्या जनगणनेत अशी नोंद असलेले ६ कोटी २० लाखांच्या आसपास लोक आहेत. त्यातले बहुसंख्य अमेरिकेतच जन्मलेले आहेत आणि अनेकांना स्पॅनिश धड येतही नाही. पोर्तो रिकोचे लोक तर १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. तरीही न्यूयॉर्क राज्यात शेतमजुरी करणाऱ्या नेग्रोन नावाच्या पोर्तो रिकन तरुणावर खुनाचा खटला चालला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हते आणि त्याच्या सरकारी वकिलाला स्पॅनिश येत नव्हते. साक्षी इंग्रजीत होत राहिल्या. मधल्या सुट्टीत कोणीतरी त्याला सारांश सांगायचे. १९७० मध्ये वरच्या न्यायालयाने ती शिक्षा टिकू दिली नाही. तो परका नव्हता. स्वतःच्याच देशाच्या न्यायालयात बहिऱ्यासारखा बसला होता.

आणि दुसऱ्या टोकाला ग्वाटेमालातून आलेले माम, किचे, केकची बोलणारे मूलनिवासी. यांना 'हिस्पॅनिक' म्हणून स्पॅनिश दुभाष्यासमोर बसवतात. तो आपल्या परीने उत्तम काम करतो, हे मान हलवतात, आणि सगळ्यांना वाटते समजले. डिसेंबर २०१८ मध्ये सीमेवर ताब्यात घेतलेली ग्वाटेमालाची एक ७ वर्षांची मुलगी रक्तातल्या संसर्गाने दगावली. तिच्या वडिलांची पहिली भाषा केकची, स्पॅनिश दुसरी. मुलीला आजार नाही असे लिहिलेल्या फॉर्मवर त्यांची सही होती. फॉर्म इंग्रजीत होता.

नावावरून भाषा ठरवण्याचा हा खेळ आपल्याला नवा आहे का? खिडकीवर 'शेख' किंवा 'मुल्ला' म्हटले की समोरचा कारकून मराठी सोडून हिंदीत येतो. आपण मराठीत विचारतो, तो हिंदीत उत्तर देतो. कोणी कौतुकाने म्हणते, "तुम्ही मराठी छान बोलता हं!" उलट बाजूनेही तेच. मुसलमान म्हणजे उर्दू, म्हणून उर्दूतले पत्रक हातात. चिपळूण-दापोलीकडच्या कोकणी मुसलमान घरातल्या बाईला ते वाचता येत नाही, आणि तसे सांगायचीही तिला चोरी. पातूरच्या नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू असण्याला आव्हान दिले गेले होते. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उर्दू ठेवायला हरकत नाही असा निकाल दिला आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे स्पष्ट सांगितले. आपण या निकालाचे पेढे वाटले. पण त्याचा दुसरा अर्थही घ्यायला हवा. उर्दू एकट्या मुसलमानांची नाही, तशी मुसलमानांची भाषाही एकटी उर्दू नाही.

"त्यांनी इंग्रजी शिकावी की," हा प्रश्न तिथे रोज विचारला जातो, इथे तो "मराठी शिका" असा येतो. शिकावीच. मराठी आपली आहे आणि ती आल्यावाचून इथे निभाव नाही, हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो. पण भाषा शिकायला वर्षे लागतात आणि ताप आज रात्री येतो. शिवाय भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणारा बिहारचा कामगार मोडकी मराठी बोलतो तेव्हा त्याची नक्कल करून हसणाऱ्यांत आपलीही पोरे असतात, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

स्पॅनिश वस्त्यांतून घेण्यासारखी एक गोष्ट म्हणजे 'प्रोमोतोरा'. वस्तीतलीच बाई, थोडे प्रशिक्षण घेतलेली. मधुमेहापासून लसीपर्यंत शेजारणींच्या भाषेत बोलते आणि गरज पडली तर दवाखान्यात सोबत जाते. आपल्या आशाताई याच्या जवळच्या आहेत, पण त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे. न्यूयॉर्क शहराने २०१७ च्या कायद्याने सरकारी कागद दहा भाषांत द्यायचे ठरवले. स्पॅनिश आणि बंगालीसोबत त्यात उर्दूही आहे. आपल्या राज्यघटनेचे ३५० वे कलम तर प्रत्येकाला संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडायचा हक्क देते. तो कितीजणांनी वापरला?

दाखले आणि अर्ज भरून देण्याच्या आपल्या शिबिरांत गेल्या वेळेपासून आम्ही दोन बदल केले. शाळकरी मुलगा आई-आजीच्या वतीने बोलू लागला की त्याला बाजूला बसवून चहा-बिस्किटे द्यायची आणि आजीशी तिच्या बोलीत बोलणारे मोठे माणूस शोधायचे. आणि अर्जावर 'घरी बोलता ती भाषा' असा रकाना, सर्वांत वर.

पहिल्याच दिवशी दापोलीकडच्या एक खाला समोर बसल्या. आमच्या कार्यकर्त्याने नाव लिहिले, आणि न विचारताच पुढच्या रकान्यात 'उर्दू' लिहिले. खालांनी कागद आपल्याकडे वळवून घेतला, चष्मा लावला.

"मराठी लिव बाबा," त्या म्हणाल्या. "मला विचारलंस कुठं?"