खुर्ची मला, दाराबाहेर ती

गेल्या पावसाळ्यात एका पारधी बाईबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले. गावातल्या दोघांनी तिचं पाल पेटवलं होतं, तिला मारहाण केली होती. ठाणे अंमलदारानं मला खुर्ची दिली, तिला दाराबाहेर बसवलं. आणि पहिला प्रश्न मला : "ताई, हिचा नवरा कुठल्या चोरीत हवाय, ते विचारलंत का?" साडेतीन तासांनी तक्रार लिहिली गेली, तीही अदखलपात्र म्हणून. पाल जाळणं अदखलपात्र!

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ठाण्यातली नजर मात्र तीच.

दाद मागायला कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातींत मोडतात, म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांना लागू आहे. (वडार बाईला तोही नाही. तिची जात आपल्या राज्यात विमुक्त जातींत, अनुसूचीच्या बाहेर.) त्यातलं कलम ४ आपण पाठच करायला हवं. तोंडी तक्रार लिहून घेणं, सही-अंगठ्याआधी ती वाचून दाखवणं, गुन्हा नोंदवणं, प्रत लगेच देणं, साठ दिवसांत तपास करून आरोपपत्र दाखल करणं, ही कर्तव्यं २०१५ च्या दुरुस्तीनं एकेक करून लिहिली आहेत. ती जाणूनबुजून टाळणाऱ्या सरकारी नोकराला किमान सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष कैद.

वाचून मला केवढा हुरूप आला होता! मग खालचं परंतुक वाचलं. सरकारी नोकरावर हा आरोप ठेवायचा तर आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस हवी. म्हणजे खात्याच्या माणसावर कारवाई व्हावी की नाही, हे आधी सरकारी यंत्रणाच ठरवणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणावं, तर जीभ अडखळते. त्या ठाण्यात चोर कोणाला म्हणतात ते ऐकून आलेय.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायद्याच्या गैरवापराचं कारण देत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची मुभा आणि अटकेआधी मंजुरीची अट घातली. २ एप्रिलला देशभर बंद झाला, माणसं मेली, आणि त्याच वर्षी संसदेनं कलम १८ अ आणून हे अडसर काढले. मग गावच्या आरोपीसाठी नको असलेली आधीची चौकशी साहेबांसाठी कशी काय चालते? हा प्रश्न आपणही कधी लावून धरला नाही. हुंडाबळीसाठी ठाण्यांवर मोर्चे नेणाऱ्या आपण, पालावरच्या बाईसाठी किती वेळा गेलो?

आता पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार दिली आहे, ठाण्याची कलम ४ खाली चौकशी मागितली आहे. पुढच्या वेळी तिच्याबरोबर जायला आणखी तिघीजणी हव्यात. खुर्ची मागायची ती तिच्यासाठी.